बोट तलावातून निघतानाच अडवा

उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिमेकडे, आयडाहो किंवा मोन्टाना राज्याच्या हद्दीत शिरताना महामार्गालगत एक तंबू, गरम पाण्याचं यंत्र बसवलेला ट्रेलर आणि 'सर्व बोटींनी थांबावे' अशी पाटी दिसते. गाडीमागे पंचवीस फुटी यांत्रिक बोट असो की टपावर बांधलेली कयाक, थांबणं कायद्याने बंधनकारक आहे. तपासनीस आधी तीन गोष्टी विचारतो: बोट शेवटची कोणत्या पाण्यात होती, कधी होती आणि किती दिवस होती. मग तो टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन ट्रेलरखाली वाकतो. तो शोधत असतो नखाएवढे, कधी कधी त्याहूनही बारीक शिंपले, परदेशातून आलेले आणि धरणांच्या, पंपांच्या नळ्या बुजवणारे.

हे नाके हवेतच, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण या सगळ्या व्यवस्थेचा तोल चुकलेला आहे. ज्या जलाशयांत शिंपले आधीच बोकाळलेत, तिथून बोट बाहेर निघताना जेवढी कडक झडती व्हायला हवी तेवढी होत नाही. तो सगळा भार शेकडो मैल लांबच्या, अजून बव्हंशी स्वच्छ राहिलेल्या राज्यांच्या डोक्यावर येतो. मोजक्या दारांवर पहारा ठेवण्याऐवजी हजारो दारांवर ठेवायचा, असा हा उफराटा कारभार आहे.

शिंपल्यांच्या या दोन जाती म्हणजे झेब्रा आणि क्वागा. मूळचे काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियन समुद्राच्या खोऱ्यातले. मालवाहू जहाजं तोल राखण्यासाठी टाक्यांत जे पाणी भरून घेतात, त्या बॅलास्ट पाण्यातून ते अटलांटिक ओलांडून अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स या महासरोवरांमध्ये पोचले. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा सापडला आणि पुढच्याच वर्षी लेक ईरीमध्ये क्वागाही. कोकणातले शिनाणे खडकावरून ज्यांनी खरवडून काढलेत, त्यांना या शिंपल्यांची पकड वेगळी समजावून सांगायला नको. तसेच चिवट धागे, तसाच पाण्यातही धरून ठेवणारा डिंक. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडू शकते. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लांना व्हेलिजर म्हणतात. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. साधारण दोन ते पाच आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग जे कठीण सापडेल त्याला चिकटतात. त्यात धरणाच्या जाळ्या आल्या, पंपाचे पाइप आले, बोटीचा तळ आला आणि दुसऱ्या शिंपल्याची पाठही आली.

जानेवारी २००७ मध्ये लास वेगासजवळच्या लेक मीडमध्ये, बोटी नांगरायच्या एका धक्क्यावर क्वागा सापडला. ग्रेट लेक्स आणि लेक मीड यांना जोडणारी कोणतीही नदी नाही. मधे दोन हजार किलोमीटरहून जास्त जमीन आहे आणि रॉकी पर्वतरांग आहे. पक्ष्यांच्या पायांना चिकटून हे शिंपले पसरतात असं काही जण अजूनही सांगतात. पक्षीच हे काम करत असते तर वाटेतले तलाव एकामागून एक भरत आले असते. इथे एकदम मोठी उडी पडली, तीही देशातल्या सर्वाधिक गजबजलेल्या बोट-धक्क्यांपैकी एकावर. शिंपले ट्रेलरवर बसून आले, यात मला शंका वाटत नाही. एकदा तिथे पोचल्यावर पुढची कामगिरी कोलोरॅडो नदीने केली: खालचे मोहावे आणि हवासू हे जलाशय, तिथून कालव्यांनी ॲरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्निया.

लेक मीड ज्याच्यामुळे तयार झाला त्या हूवर धरणाच्या वीजगृहात यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या असतात. शिंपले बसले की त्या नळ्यांचा व्यास घटतो आणि यंत्र तापू लागतं. त्यावर अतिनील किरणांचा मारा करून व्हेलिजरना चिकटू न देण्याची व्यवस्था करावी लागली. कालव्यांत क्लोरीन सोडावं लागतं, जाळ्या खरवडाव्या लागतात. हा खर्च एकदाचा नसतो, दरवर्षी करावा लागतो. मोठ्या, वाहत्या जलाशयातून हे शिंपले समूळ काढण्याचा उपाय आजही कुणाकडे नाही. व्हर्जिनियातल्या मिलब्रुक खाणीच्या तळ्यातून २००६ मध्ये पोटॅशियम क्लोराइड घालून झेब्रा संपवता आला, पण ते बंदिस्त तळं होतं. लेक मीडमध्ये तसं करता येणार नाही.

आता तपासणी म्हणजे नेमकं काय, ते पाहू. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही तपशिलातच आहेत.

बोटीचा तळ नुसता पाहून भागत नाही, हात फिरवावा लागतो. नुकतेच चिकटलेले शिंपले दिसत नाहीत, पण गुळगुळीत फायबरवर सँडपेपरसारखे खरखरीत लागतात. मग सांदीकोपरे. पाण्याची खोली मोजणाऱ्या सेन्सरची आणि तळाची मधली फट, बोटीच्या मागच्या बाजूच्या, तिचा कल सांभाळणाऱ्या ट्रिम टॅबच्या बिजागऱ्या, इंजिनात पाणी ओढून घेणारी जाळी, पंख्याचा आस, वेग मोजणाऱ्या नळीचं बारीक भोक. शिडाच्या बोटीत मधला पाता ज्या खाचेतून वरखाली होतो ती खाच तर हमखास विसरली जाते. ट्रेलरवर बोट ज्या गालिचा लावलेल्या पट्ट्यांवर टेकते, त्या पट्ट्यांखालचा तळ दिसतच नाही. तो पाहायचा तर बोट उचलावी लागते, आणि नाक्यावर बोट उचलायची सोय क्वचितच असते. ट्रेलरचे पोकळ लोखंडी दांडे पाण्याने भरलेले असतात. नांगराची साखळी आणि ओली दोरी एका पेटीत कोंबलेली असते, तिथे ओल आठवडाभर टिकते.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. बोट रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावरून, वर आल्याबरोबर तळाचं बूच काढून बोटीच्या पोटात साचलेलं पाणी सोडायचं, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. पण आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, वर उचललेल्या स्थितीत ठेवलं तर त्याच्या आतलं पाणी तसंच राहतं. ते पूर्ण खाली, उभं करावं लागतं, तेव्हाच निथळतं. इंजिन आत आणि पंखा बाहेर अशी रचना असलेल्या बोटींत इंजिनाच्या ठोकळ्यात काही लिटर पाणी अडकून राहतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे वेकबोर्डिंगच्या, बोटीमागे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरण्याच्या खेळाच्या बोटी. मोठी लाट उठावी म्हणून त्यांच्या पोटात मुद्दाम पाण्याच्या टाक्या बसवलेल्या असतात. कित्येक बोटींत त्यांची क्षमता हजार लिटरहून जास्त असते. पंप लावून रिकाम्या केल्या तरी तळाशी काही लिटर उरतंच, कारण पंपाचं तोंड तळापासून थोडं वर असतं. त्या उरलेल्या पाण्यात व्हेलिजर कडक उन्हाळ्यात काही दिवस जगतात आणि थंड हवेत काही आठवडेही जगू शकतात. टाकी बंद, अंधारी आणि दमट असते. बाहेरचं ऊन तिथपर्यंत पोचत नाही.

शिंपले मारायला साबण लागत नाही की ब्लीच. ब्लीच तर नकोच, त्याने रबर आणि धातू दोन्ही खराब होतात आणि ते पाण्यात सोडणं हा वेगळा गुन्हा होतो. लागतं ते गरम पाणी. बाहेरच्या पृष्ठभागावर ६० अंश सेल्सियसचं पाणी किमान दहा सेकंद लागलं पाहिजे. हे ६० अंश शिंपल्याला जिथे पाणी लागतं तिथलं तापमान आहे, बॉयलरच्या काट्यावरचं नव्हे. झोत दीड हात लांबून मारला की पाणी हवेत विखरतं आणि तापमान झपाट्याने उतरतं. म्हणून पसरट तोंडाची नळी तळाच्या जवळ धरून, सावकाश, एकावर एक पट्टा घेत जावं लागतं. टाक्या, पंप, जिवंत मासे ठेवायची पेटी आणि बोटीचं पोट यांच्यासाठी मात्र ६० अंश चालत नाही. पंपातले रबरी आणि प्लास्टिकचे भाग त्याला टिकत नाहीत. तिथे ४९ अंशाचं पाणी दोन मिनिटांहून थोडं जास्त वेळ खेळतं ठेवतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान मोजायचं, आणि ते ४९ ला पोचल्यावरच घड्याळ सुरू करायचं. थंड टाकी सुरुवातीची सगळी उष्णता शोषून घेते, हे विसरलं की अख्खं काम वाया जातं. तपासनिसांचं प्रशिक्षण जिथे उरकून टाकलेलं असतं, तिथे नेमकी हीच चूक होते. आणि नुसत्या गार पाण्याच्या दाबाने धुणं? त्याने शिंपले सुटून खाली पडतात. मरत नाहीत.

दुसरा उपाय वेळ. बोट पूर्ण कोरडी ठेवली तर शिंपले मरतात, पण किती दिवसांत ते हवामानावर ठरतं. युटा राज्याने यासाठी ठरवलेला हिशेब सोपा आहे: उन्हाळ्यात ७ दिवस, वसंत आणि शरद ऋतूत १८, हिवाळ्यात ३०. या नियमात एक खोच आहे. हे दिवस मोजायचे ते बोट पूर्ण निथळल्यानंतर. टाकीत पाणी शिल्लक असेल तर तिचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं.

हे सगळं काम महामार्गावरच्या तंबूत, शनिवारी दुपारी, मागे रांग लागलेली असताना होतं. साधी मासेमारीची बोट पाच-दहा मिनिटांत होते. महिनाभर पाण्यात उभी असलेली, इंजिन आणि टाक्या दोन्ही असलेली बोट नीट तपासून धुवायची तर अर्धा-पाऊण तास कुठेच गेला नाही. शिवाय उत्तरं मालकाच्या शब्दावर अवलंबून असतात. 'शेवटची कुठे होती?' या प्रश्नाला 'घरी' असं उत्तर देणारे काही कमी नाहीत. ते खोटं बोलत असतात असंही नाही. बोट नुकतीच विकत घेतलेली असते, आधीच्या मालकाने ती कुठल्या पाण्यात ठेवली होती हे यांना माहीतच नसतं. मोठ्या बोटी ट्रकवरून नेणाऱ्या व्यावसायिक चालकांना तर बोटीचा इतिहास विचारूनही उपयोग नसतो. अनेक नाके फक्त दिवसाउजेडी चालतात, आणि उन्हाळ्यात लांब पल्ल्याचे ट्रक रात्री निघणं पसंत करतात. काही ठिकाणी वास घेऊन शिंपले शोधणारे कुत्रे आहेत. ते माणसापेक्षा भराभर आणि अचूक काम करतात, पण उन्हात डांबरावर कुत्रा तासन्‌तास राबवता येत नाही.

नाके निरुपयोगी आहेत असं यावरून कुणी म्हणेल, तर तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. या शिंपल्यांच्या प्रजननाची पद्धतच अशी आहे की अपुरी तपासणीही कामाला येते. नर आणि मादी आपापली बीजं पाण्यात सोडतात, ती पाण्यातच जुळावी लागतात. मोठ्या तलावात दोन-चार शिंपले पडले तर त्यांची बीजं एकमेकांना भेटण्याची शक्यता अगदी क्षीण असते. व्हेलिजरपैकी तर बहुतांश मोठे होण्याआधीच मरतात. वसाहत उभी राहायला बहुधा एकाच जागी पुष्कळ प्रौढ शिंपले एकदम यावे लागतात, किंवा पुन:पुन्हा यावे लागतात. म्हणजे आकडा कमी ठेवला तरी बराच फायदा होतो.

आणि याच कारणाने माझा मुद्दा अधिक पक्का होतो. सगळ्या बोटी सारख्या धोक्याच्या नाहीत. सकाळी पाण्यात उतरवून संध्याकाळी बाहेर काढलेल्या बोटीवर प्रौढ शिंपले नसतातच, चिकटून मोठं व्हायला त्यांना वेळच मिळालेला नसतो. तिच्यात असेल तर थोडं पाणी. लेक मीडवर किंवा त्याच कोलोरॅडो नदीवर आणखी वरच्या लेक पॉवेलवर हंगामभर धक्क्याला बांधून ठेवलेली हाउसबोट किंवा क्रूझर मात्र तळाशी शेकडो, हजारो प्रौढ शिंपले घेऊन उभी असते. ती विकली गेली, किंवा दुरुस्तीसाठी हलवली, की ट्रकवर चढते आणि तीन दिवसांत तीन राज्यं ओलांडते. खरा धोका तिच्यात आहे. आणि ती कुठून निघते? बोटी कायम बांधून ठेवायच्या जागा, त्यांचे धक्के आणि बाहेर पडायचे रॅम्प हे सगळं मोजता येण्यासारखं आहे. २०२२ मध्ये लेक मीडचं पाणी इतकं खाली गेलं की तिथले जवळपास सगळे रॅम्प बंद करावे लागले. त्या उन्हाळ्यात बोटींना बाहेर पडायला जेमतेम एखादी वाट उरली होती. एवढ्या अरुंद दारावर पहारा ठेवणं सोपं, की आयडाहो, मोन्टाना, वायोमिंग आणि कोलोरॅडोमधल्या प्रत्येक तलावावर?

निर्गमावर काहीच होत नाही असं नाही. लेक पॉवेलमध्ये २०१३ साली प्रौढ क्वागा सापडल्यानंतर युटा राज्य आणि तिथलं राष्ट्रीय उद्यान खातं बाहेर पडणाऱ्या बोटी तपासतं, धुतं आणि वाळवण्याचे दिवस लिहून देतं. लेक मीडवरही जास्त दिवस पाण्यात राहिलेल्या बोटींना धुऊन निघण्याचा नियम आहे. पण नियम असणं आणि प्रत्येक अशी बोट प्रत्यक्ष अडवली जाणं यांत फार अंतर आहे. मनुष्यबळ अपुरं असतं, रविवारी संध्याकाळी सगळ्या बोटी एकदम बाहेर येतात, आणि ज्या राज्यात शिंपले आधीच आहेत त्याला शेजारच्या राज्यासाठी स्वत:चा पैसा ओतण्यात फारसा रस नसतो. राजकारणात मतं स्थानिक असतात. लेक मीडच्या धक्क्यावर बोट ठेवणाऱ्याला मोन्टानाच्या शेतकऱ्याच्या पाण्याच्या नळ्यांशी काय देणंघेणं?

'तलाव तर गेलाच आहे, आता तिथे तपासणी करून काय साधणार,' हा युक्तिवाद बैठकांतून सतत ऐकू येतो. तो पटण्यासारखा वाटतो खरा, पण तलावाला वाचवणं हा तिथल्या तपासणीचा हेतूच नाही. १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने काय केलं ते इथे पाहण्यासारखं आहे. तिथल्या कलन बे या बोट-बंदरात मार्चच्या अखेरीस काळ्या पट्ट्यांचा शिंपला सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता, आणि आता चौरस मीटरमागे वीस हजारांहून जास्त शिंपले होते. अधिकाऱ्यांनी बंदराचे दरवाजे बंद केले, आतली एकही बोट बाहेर जाऊ दिली नाही, आणि आधीच निघून गेलेल्या बोटींचा माग काढून किनाऱ्यावर जिथे सापडतील तिथे त्या तपासल्या. मग पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद घालून शिंपले मारले. महिन्याभरात शिंपला संपला. डार्विनची बंदरं दरवाज्यांची होती म्हणून विषप्रयोग जमला, हे खरं. पण त्यांनी पहिलं काम केलं ते बाहेर जाणारी वाट बंद करण्याचं. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत हाच शिंपला गेली कित्येक दशकं नांदतो आहे. त्याला कुणी कधी अडवलं नाही, आणि आता तर त्याची फारशी चर्चाही होत नाही.

येणाऱ्या बोटींवर पहारा ठेवूनही निभावतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरचा लेक टाहो आहे. २००८ पासून तिथे प्रत्येक यांत्रिक बोटीची तपासणी सक्तीची आहे, आणि क्वागा तिथे अजून वसलेला नाही. तपासलेल्या बोटीला ट्रेलरशी तारेने बांधून सील लावतात. सील शाबूत असेल तर पुढच्या वेळी सरळ पाण्यात. पण टाहोला मोजके रॅम्प आहेत, श्रीमंत घरमालक आहेत, आणि पाण्याच्या निळेपणावर चालणारं पर्यटन आहे. ते सगळ्यांना कुठून परवडणार? टाहोमध्येही २०२३ साली न्यूझीलंडची चिखलगोगलगाय शिरलीच. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल सापडला. चीन आणि आग्नेय आशियातला हा शिंपला उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच दिसला. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी म्हणून क्वागा नीट वाढत नाही, त्या पाण्यातही तो तग धरतो. दक्षिण अमेरिकेत १९९१ च्या सुमारास रिओ दे ला प्लाता या नदीमुखात शिरलेला हा प्राणी २००१ पर्यंत ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपू धरणात पोचला होता. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात तो पसरू लागल्यावर टाहोने सील नसलेली प्रत्येक यांत्रिक बोट गरम पाण्याने धुणं सक्तीचं केलं. टाहोचं दार त्यामुळे आणखी मजबूत झालं, पण स्टॉकटनमधून निघणारी बोट दुसऱ्या कुठल्या तलावाकडे वळली तर तिला कोण विचारणार?

आयडाहोचं उदाहरण अधिक बोचरं आहे. २००९ पासून हे राज्य नेमाने नाके चालवत होतं आणि शिंपले लागलेल्या कितीतरी बोटी त्यांनी अडवल्याही होत्या. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत क्वागाच्या व्हेलिजर सापडल्या. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाश टाकला की या पिल्लांचं कवच काळ्या पार्श्वभूमीवर चमकतं आणि त्यावर काळी फुली दिसते. तसं दिसलं, आणि ऑक्टोबरमध्ये नदीच्या काही मैलांच्या पट्ट्यात तांब्याचं औषध सोडावं लागलं. शिंपल्यांबरोबर मोठ्या प्रमाणावर मासे मेले, त्यांत कित्येक वर्षं जगलेले स्टर्जन जातीचे मोठे मासेही होते. पुढच्याच वर्षी त्याच भागात पुन्हा क्वागा सापडला आणि पुन्हा तांबं. कोणत्या बोटीने आणला हे कळायला मार्ग नाही. पण ती बोट कुठल्या तरी बाधित पाण्यातून निघाली होती, आणि निघताना तिच्या टाकीत किंवा तळाशी जे होतं ते कुणी काढलं नव्हतं, एवढं नक्की.

केंद्र सरकारच्या कायद्याची मदत होईल असं वाटत होतं. झेब्रा शिंपला वन्यजीवांच्या व्यापारावर आणि वाहतुकीवर बंधनं घालणाऱ्या लेसी कायद्याच्या घातक प्राण्यांच्या यादीत आहे, तो राज्याराज्यांत नेणं गुन्हा आहे, असं बराच काळ गृहीत धरलं जात होतं. २०१७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय अपील न्यायालयाने अजगरांच्या व्यापाराच्या खटल्यात निकाल दिला की या यादीचं ते कलम मुख्य भूमीवरच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या वाहतुकीला लागूच होत नाही. खटला सापांचा होता, पण फटका शिंपल्यांनाही बसला. त्यामुळे राज्यांचे स्वत:चे कायदे हाच आधार उरला, आणि ते राज्यागणिक वेगळे. लेक मीड, लेक पॉवेल ही केंद्राच्या ताब्यातली पाणी. म्हणजे जिथे रोग आहे ती जागा केंद्राची आणि औषधाचा खर्च राज्यांचा. २०१४ च्या कायद्याने वायव्येकडच्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या नाक्यांचा निम्मा खर्च लष्कराच्या अभियंता दलाकडून मिळू लागला, नंतर आणखी खोरी त्यात आली. चांगलं झालं. पण तो पैसाही मुख्यतः दारात येणाऱ्या बोटींसाठी, उगमाशी बोटी अडवण्यासाठी नव्हे.

मग करायचं काय? दिवसभराच्या बोटीला फार त्रास देऊ नये. तिला रॅम्पवरच, तपासनिसाच्या डोळ्यांदेखत बूच काढायला, इंजिन खाली करायला आणि टाकी सोडायला लावावं, वेळ लिहिलेली पावती आणि सील द्यावं, जाऊ द्यावं. पाच-सात मिनिटांचं काम. बॅलास्ट टाकी असेल तर ४९ अंशाचं पाणी खेळवूनच बाहेर. आणि काही दिवसांहून जास्त पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीला धुतल्याचा दाखला असल्याशिवाय रॅम्पवरून वर येऊच देऊ नये. अशी बोट बाहेर काढायला आधी वेळ घेणं सक्तीचं करावं, म्हणजे रविवारची झुंबड आणि मोठ्या बोटींची झडती एकमेकांत अडकणार नाहीत. बोट नेणाऱ्या व्यावसायिक वाहतूकदाराने दाखला न पाहता बोट उचलली तर दंड त्याला. त्याचा धंदा परवान्यावर चालतो, म्हणून मालकापेक्षा तो लवकर वठणीवर येतो. आणि बोट निघताक्षणी ती जिथे चालली आहे त्या राज्याला सूचना जावी. कोलोरॅडोने उभी केलेली तपासणीची सामायिक नोंद अनेक राज्यं वापरतातच. तिच्यात निर्गमाच्या नोंदी नियमाने भरल्या गेल्या, तर महामार्गावरच्या तंबूतल्या माणसाला मालकाच्या स्मरणशक्तीवर विसंबावं लागणार नाही.

यात घुसमट होईल ती पाण्यावरच्या धंद्याची, असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हाउसबोट बाहेर काढायला आठ दिवस थांबावं लागलं तर मालक चिडणार. पण हाउसबोट हलवण्याचं काम तसंही महिनाभर आधी ठरलेलं असतं. क्रेन, ट्रक, रस्त्यावरची रुंद मालाची परवानगी, हे सगळं जुळवावं लागतं. त्यात धुण्याचा एक दिवस सहज बसतो. 'माझी खाजगी बोट, तुम्ही कोण तपासणारे?' या प्रश्नात मात्र मला फारसं तथ्य दिसत नाही. हीच बोट आयडाहो-मोन्टानासारख्या राज्यांच्या महामार्गावर थांबवली जातेच, आणि मालक निमूट थांबतात.

भाड्याने हाउसबोट घेऊन लेक पॉवेलवर तीन-चार दिवस काढणाऱ्यांनाही इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाड्याची बोट तिथेच राहते, तिच्यामुळे काही बिघडत नाही. तुमच्याबरोबर घरी येते ती फुगवायची कयाक, पॅडलबोर्ड, ओली दोरी आणि पाण्यात वापरलेले बूट. फुगवायच्या कयाकच्या शिवणीत आणि तळाच्या पट्ट्याखाली पाणी साठतं. ती तिथेच उलटी करून निथळवा, घरी उन्हात पूर्ण वाळवा, आणि त्याच शनिवार-रविवारी दुसऱ्या तळ्यात नेऊ नका.

पैशाचा प्रश्न सोडवायचा तर तो बोट ठेवण्याच्या भाड्यात घालणं मला सर्वांत सरळ वाटतं. केंद्राच्या तलावांवरचे धक्के खाजगी कंपन्या सरकारशी केलेल्या परवाना-करारावर चालवतात. कराराचं नूतनीकरण करताना एक अट घालता येते: धक्क्याच्या वार्षिक भाड्यात बाहेर पडतानाच्या एका धुण्याचा खर्च धरलेला असेल, आणि गरम पाण्याचं यंत्र, बोट उचलायचा पट्टा आणि प्रशिक्षित माणसं ठेवणं ही धक्का चालवणाऱ्याची जबाबदारी असेल. हंगामभर हाउसबोट ठेवणाऱ्याच्या एकूण खर्चात ही भर किरकोळ ठरते. दुसरीकडे लेक मीडचं पाणी वापरणाऱ्या वीज आणि पाणी कंपन्या क्लोरीनवर आणि नळ्या खरवडण्यावर दरवर्षी पैसे घालतातच. ज्या खोऱ्यांत शिंपले अजून पोचलेले नाहीत तिथल्या धरण चालवणाऱ्या संस्थांनी उगमावरच्या धुण्याला थोडा वाटा दिला तर त्यांच्यासाठी तो विम्याचा हप्ता ठरेल, आणि स्वस्तातला. हे करार बदलायला वेळ लागेल. तोवर निदान रविवारी दुपारी चारनंतर, सगळ्या बोटी परतत असताना, लेक पॉवेल आणि लेक मीडच्या रॅम्पवर आजच्या दुप्पट माणसं उभी करता येतील.